विचारायचा धोंडा

जायचं हे ठरलं होतं. कधी जायचं, यावरून मात्र भोरच्या आनंदरावांच्या घरात चार दिवस धुसफुस चालली होती. तुमच्याआमच्या घरी तरी याहून वेगळं काय होतं? प्रवासाचं नाव निघालं की आधी हौस येते, मागोमाग भांडण येतं आणि सामानाची बांधाबांध शेवटी.

संस्थान विलीन होऊन तीनच वर्षं झाली होती. जुन्या माणसांच्या तोंडून अजून ‘पंतसचिवांचं राज्य’ जात नव्हतं. वरंध घाट उतरला की परका मुलूख लागतो आणि त्याच्याही पलीकडे हरिहरेश्वर, म्हणजे थेट जंजिऱ्याच्या नबाबाची हद्द, असंच ही माणसं धरून चालत. भोरहून समुद्रावर जाणं हे तेव्हा परदेशी जाण्यासारखंच होतं. निघण्याआधी लोक नातेवाइकांना भेटून घेत, शेजारीण हातावर दही घाली.

आनंदराव कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, हिशेब चोख, धोतराला इस्त्री. माणूस वाईट नव्हता हो! पण त्यांना एक खोड होती. ते कधी कुणाला काही विचारत नसत. विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे चारचौघांत कबूल करणं, आणि तेवढा कमीपणा त्यांना सोसत नसे. परगावी वाट चुकली तर ते दोन तास चुकीच्या वाटेनं चालतील, पण बांधावरच्या माणसाला हाक मारणार नाहीत. आणि त्यांना कुणी काही विचारलेलंही त्यांना खपत नसे. डोंगरातला माणूस कचेरीत येऊन ‘सायेब, ह्यो कागद कुठं द्यायचा?’ म्हणाला, की ते मान वर न करता म्हणत, “बाहेर बोर्ड लावलाय. वाचता येत नाही का?” त्याला वाचता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असे.

समुद्र पाहायचा होता तो त्यांच्या आईला, चंद्राबाईंना. त्यांचं माहेर मार्गासनीच्या पलीकडे, वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीत. त्यांचे वडील, आबा, बैलांच्या पाठीवर तूप आणि नाचणी लादून घाटाखाली जात आणि मीठ घेऊन वर येत. चंद्राबाई आठ वर्षांच्या असताना त्यांनी एक शिंपला आणून दिला होता. “पुढच्या खेपंला तुला संगं नेतो, समिंदर दावतो,” असं म्हणाले होते. ती पुढची खेप काही आली नाही. त्यांनी खाली जाणंच सोडलं आणि का सोडलं हे कुणाला सांगितलं नाही. शिंपला मात्र चंद्राबाईंनी लग्नात सासरी, भोंगवलीला, आणला आणि तिथून मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर भोरला. चौपन्न वर्षं तो हळदीकुंकवाच्या पेटीत होता.

“एकडाव त्या पान्यात बुडी मारीन आन् ज्याचं त्याला देऊन टाकीन,” त्या म्हणायच्या. “मग डोळं मिटलं तरी चालंल.”

आनंदरावांनी पंचांग काढलं. वैशाखाची अमावास्या सोमवारी येत होती. सोमवती! समुद्रस्नानाला याहून मोठी पर्वणी कुठली? साहेबांनी रजाही नेमकी तेव्हाच मंजूर केली. सगळं कसं जुळून आलं होतं. तेवढ्यात चंद्राबाईंचे थोरले भाऊ, म्हादूमामा, वाडीवरून आले. ते सत्तरीला टेकले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि अंगाला शेळ्यांचा वास. बहीण समुद्रावर निघाली म्हटल्यावर तेही येणार होते.

तिथी ऐकताच त्यांनी पानाची चंची खाली ठेवली.

“वैशाखाच्या सरत्याला? आरं आनंदा, पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. पान्याला आतापास्नं अंग येतं. कार्तिकात जाऊ की. तवा ते निवळतं.”

“मामा, कार्तिकात मला रजा नाही.”

“बरं, मग आवस तरी सोड. आमच्या आबाच्या तोंडून म्या ऐकलंय, आवस-पुनवंला तितलं पानी चढतं. खालच्या मानसाला इचारून तरी घे. येळ कुठली, पानी कसं.”

“कुणाला विचारू?” आनंदराव हसले. “पंचांगात सूर्योदय आहे, पर्वकाळ आहे, माध्यान्हीचं स्नान लिहिलेलं आहे. आणखी काय पाहिजे?”

“पंचांग आपल्या घरातलं हाय बाबा. पानी तितलं हाय.”

कमळाबाई, आनंदरावांच्या पत्नी, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अवो, मामा म्हणतात तर एक पत्र टाकून विचारायला काय जातंय?” त्यावर आनंदरावांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं, की त्या तांदूळ निवडायला आत गेल्या.

मामा मात्र उठले नाहीत. त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वाडीखाली घाटाच्या तोंडाशी एक सपाट धोंडा होता. खाली जाणारा माणूस तिथं ओझं टेकवायचा आणि खालून कुणीतरी वर येईपर्यंत थांबायचा. वर येणाऱ्यानंही न बसता पुढं जायचं नाही, अशी रीत. दोघं एकमेकांना तंबाखू देत आणि जाणारा विचारी, “वाटंची काय खबर?” ओढ्याला पाणी किती, कडा कुठं सुटलाय, वाघरू कुठं फिरतंय, सगळं ऐकून मगच घाट उतरायचा. त्याला ‘इचारायचा धोंडा’ म्हणत. कुणी राजा असो का रंक, तिथं बसायचंच.

“तेव्हा यष्टी नव्हती मामा,” आनंदराव म्हणाले आणि त्यांनी पंचांग मिटलं.

शनिवारी मुलांना शिवऱ्याला आजोळी पोचवून चौघं निघाले. यष्टीनं महाड, तिथून पुढं दासगावचं बंदर. रविवारी सकाळी सात वाजता आनंदराव धक्क्यावर सामान मांडून तयार होते. मचव्यावरचा माणूस विडी ओढत बसलेला.

“किती वाजता सुटणार?”

“पाणी सुटेल तेव्हा.”

“म्हणजे किती वाजता?”

“पाण्याच्या हातात घड्याळ नसतं रावसाहेब.”

दुपारी बारा वाजता ओहोटी लागली तेव्हा मचवा सुटला. आनंदराव पाच तास चडफडत होते. ही काय शिस्त आहे, अशानं देशाचं कसं व्हायचं, असं त्यांनी कमळाबाईंना चार वेळा सांगितलं. म्हादूमामा मात्र तेवढ्या वेळात त्या माणसाशेजारी जाऊन बसले आणि तंबाखू देऊन किती काय काय विचारत राहिले.

सावित्रीच्या खाडीतून मचवा बाणकोटपर्यंत गेला. समोरच्या काठाला, बागमांडल्याला, उतरून ते दीड कोस चालले आणि दिवस कलताना हरिहरेश्वराच्या वाळूवर येऊन उभे राहिले.

अहाहा! काय वर्णावं ते दर्शन! पाणी आत खूप दूर गेलेलं. वाळू ओली, सपाट, सारवलेल्या अंगणासारखी. त्या टोकाला एक पांढरी रेघ हलत होती आणि तिच्यामागे आभाळ लाल झालं होतं. चंद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आठ वर्षांची ती पोर बासष्ट वर्षांच्या बाईच्या आत कुठं दडून बसली होती कोण जाणे, ती त्या वेळी बाहेर आली. त्या भावाचा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

“दादा, आबा हितंच यायचं का रं?”

“हितं न्हाई तर जवळच कुठंतरी. पानी हेच.”

आनंदराव म्हणाले, “पाहिलंत मामा? कुठाय तुमचं चढलेलं पाणी? आपल्या नीरेला उन्हाळ्यात याहून जोर असतो.”

वाचकहो, इथंच त्यांची चूक झाली, आणि ती डोंगरातल्या माणसाचीच चूक होती. नदी ज्याला ठाऊक, त्याला वाटतं पाणी संध्याकाळी जिथं दिसलं तिथंच सकाळी असणार. पूर यायचा तर आधी ढग दिसायला हवेत. ढग नाही, गडगडाट नाही आणि पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, हे नीरेच्या काठच्या माणसाच्या ध्यानी यावं कसं? पण ज्याला ठाऊक नाही त्यानं विचारावं! मामांनाही तेवढंच म्हणायचं होतं.

सोमवारी सकाळी देवदर्शन झालं. देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या अंगानं वळसा घालून प्रदक्षिणा करायची वाट होती. दोन कड्यांच्या फटीतून दगडी पायऱ्या खाली उतरत आणि पुढं खडकांवरून, अगदी पाण्याच्या कडेनं जावं लागे. आनंदरावांनी बेत आखला होता. दहा वाजता प्रदक्षिणा, माध्यान्हीला स्नान, मग जेवण. त्यांनी आईचा हात धरला.

पायऱ्या चढून एक कोळीण वर येत होती. कंबरेला टोपली, टोपलीत कालवं. सखूबाई तिचं नाव, हे पुढं कळलं. ती थांबून म्हणाली, “दादा, आता नका जाऊ खाली. आज आवस. पाणी चढतंय. दिवस कलल्यावर जा.”

“आम्हाला कालवं नकोत,” आनंदराव म्हणाले.

म्हादूमामा पहिल्या पायरीवर बसले. काठी त्यांनी पायरीवर आडवी ठेवली.

“ती बाई रोज हितं उतरती. ती टोपली अर्धी घेऊन वर आली, ते उगाच न्हाई. बस आनंदा. दुपार टळू दे.”

“दुपार टळली की पर्वकाळही टळला! मामा, आईनं चौपन्न वर्षं वाट पाहिली. तुम्हाला तिची इच्छा पुरी व्हायला नको आहे का?”

हे बोलणं लागलं. मामांचा चेहरा उतरला, पण काठी हलली नाही.

“म्हनूनच म्हनतोय,” ते एवढंच बोलले.

चंद्राबाईंनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा भावाकडं. मग हात सोडवून घेतला आणि त्या भावाशेजारी पायरीवर बसल्या. “दादाला पटू दे आधी,” त्या म्हणाल्या.

आनंदरावांचे कान तापले. चारचौघांत, एका कोळणीसमोर, शिकलेल्या मुलापेक्षा अडाणी भाऊ मोठा ठरला! त्यांनी छत्री काखेत मारली. “ठीक आहे. मी एकटा प्रदक्षिणा पुरी करून येतो. अर्ध्या तासात समोरून येईन, मग तरी विश्वास बसेल!”

“अवो, नका ना!” कमळाबाई म्हणाल्या. पण ते काठी ओलांडून गेले होते.

पहिली दहा मिनिटं फार छान गेली. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं होती, खेकडे पळत होते, वारं अंगात शिरत होतं. एक लाट घोट्यापर्यंत आली. आनंदराव हसले. दुसरी गुडघ्यापर्यंत आली. त्यांनी धोतर वर खोचलं आणि कोपऱ्यावरून वळले. समोर वाटच नव्हती. दोन खडकांच्या मधल्या घळीत हिरवंगार पाणी घुसळत होतं. ते मागे फिरले. ज्या दगडावर आत्ता पाऊल ठेवून आले होते, तो दगड दिसेना!

मग ती तिसरी लाट आली. तिनं त्यांना उचललं, खडकावर आपटलं आणि परत ओढू लागली. छत्री गेली, वहाणा गेल्या, चष्मा गेला. बोटं खडकाच्या भोकांत रुतवून ते कसेबसे धरून राहिले आणि लाट ओसरताच रांगत, खरचटत वर चढले. कड्याला एक कंगोरा होता, पाटाएवढा रुंद. त्यावर ते पाय पोटाशी घेऊन बसले. खाली पाणी, मागे सरळ कडा. गुडघ्यातून रक्त वाहत होतं. “आई!” त्यांनी हाक मारली. चाळीस वर्षांचा माणूस, कचेरीत ज्याला सगळे टरकून असत, तो आईला हाक मारत होता.

किती वेळ गेला कळलं नाही. डोक्यावरून आवाज आला.

“आनंदा, म्या आलोय. वर बघू नको. हलू नको.”

सखूबाईनं करवंदीच्या जाळीतून वाट दाखवत तिघांना बरोबर त्या कड्याच्या माथ्यावर आणलं होतं. मामा पोटावर झोपून खाली पाहत होते. तिथून कंगोरा दोन पुरुष खाली होता. उतरायला वाट नव्हती.

“मामा, काहीतरी टाका! मी चढतो वर!”

“न्हाई. कडा सुटा हाय, चढलास तर गेलास. तू बसलाय तितं पानी येत न्हाई, ही बाई सांगतीया. दगडावर शेवाळ कुठवर हाय बघ. तुझ्या पायाखाली दोन हात. त्याच्या वर पानी चढत न्हाई. नुसतं बसून ऱ्हा.”

“किती वेळ?”

“पानी उतरंस्तवर. दिवस कलंस्तवर.”

“मला नाही राहवत मामा! मी पोहून जातो!”

मामांनी चंद्राबाईंना तोंडावर हात ठेवायला लावला. त्या रडत होत्या आणि लेकाला हाका मारायला बघत होत्या. डोंगरात करडू कड्यावर अडकतं, तेव्हा शेळी राखणारा एक गोष्ट कधी करत नाही. तो त्याला हाक मारत नाही. हाक मारली की करडू उडी घेतं. तो वर बसतो आणि करडाला ऐकू येईल असा हळू आवाजात बोलत राहतो, काहीही, घरचं-दारचं, आवाज थांबू देत नाही. आवाज आहे तोवर करडू जागचं हलत नाही. म्हादूमामांनी अशी कितीतरी करडं राखली होती. आज त्यांनी भाचा राखला.

डोक्याचं मुंडासं सोडून, त्याला चंद्राबाईंच्या, स्नानानंतर नेसायला आणलेल्या, लुगड्याची गाठ मारून त्यांनी पाण्याचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी खाली सोडली. “आदी पानी पी. मग भाकर खा. आन् ऐक. तुला न्हाई, चंद्रेलाबी म्या हे कवा सांगितलं न्हाई.”

आणि ते बोलू लागले. खाली लाटा आदळत होत्या, मध्येच शब्द बुडत होते, पण आनंदरावांनी आयुष्यात कुणाचं एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं.

मामा पंधरा वर्षांचे होते. आबांबरोबर ते मिठाच्या खेपेला निघाले होते. बरोबर आबांचा जिवाभावाचा सोबती सोनबा. घाटाच्या तोंडाशी आबा धोंड्यावर टेकले. खालून कुणी येईना. वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. खाली महाडात जत्रा होती आणि म्हादूला ती चुकवायची नव्हती.

“म्या म्हनलो, आबा, चला की, कशापायी थांबायचं? वाट काय आपल्याला ठावं न्हाई? आबा न्हाई म्हनत हुते. म्या लई धोसरा काढला. सोनबाकाका हसला. म्हनला, चल रं, पोराची जत्रा चुकंल. आमी उठलो. खाली ओढ्याला लोंढा आला हुता. सोनबाकाका पुढं हुता. तो आन् दोन बैलं.” मामा थांबले. मग चटकन पुन्हा बोलू लागले, कारण आवाज थांबवायचा नव्हता. “अर्ध्या घटकंनं खालनं गुराखी वर आला, म्हनला, म्या तुमास्नी सांगाया धोंड्याकडंच निगालो हुतो. अर्धी घटका, आनंदा! तवापास्नं आबा खाली उतरलं न्हाईत. चंद्रे, तुजा समिंदर म्या बुडवला. आबानं माजं नाव कवा घेतलं न्हाई. म्या बी न्हाई.”

चंद्राबाईंनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. त्या पालथ्या पडलेल्या म्हाताऱ्याची पाठ हलत होती, आवाज मात्र शांत होता.

खाली आनंदराव पाय पोटाशी धरून बसले होते. ऊन तापलं. माध्यान्ह झाली. पर्वकाळ आला आणि गेला, कंगोऱ्याखाली दोन हातांवर पाणी येऊन आपटत राहिलं आणि शेवाळाच्या वर एक बोटभरही चढलं नाही. त्या बाईनं सांगितलं तसंच! तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि हा सगळा खडक तिला तोंडपाठ होता.

आनंदरावांना मागच्या साली कचेरीत घडलेलं आठवलं. चराईच्या दाखल्यासाठी मामा वाडीवरून चालत भोरला आले होते. साहेब शेजारीच बसले होते. या घोंगडीवाल्याला मामा कसं म्हणायचं? आनंदरावांनी ओळख दाखवली नाही. “बोर्ड वाचा,” ते म्हणाले होते. मामा बोर्डाखाली दुपार टळेपर्यंत उभे राहिले, मग कुणालाही काही न बोलता परत गेले. बहिणीलाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही. किती वेळ उभे होते मामा? पाच तास तरी असतील. आणि आज तेच मामा तापल्या दगडावर पोट लावून पाच तास बोलत होते!

“मामा!” आनंदराव खालून ओरडले. “तुमचा दाखला... मी तेव्हा...”

“ठावं हाय,” वरून आवाज आला. “ते मागनं. आता गप बसून ऱ्हा. तर मी काय सांगत हुतो, आपली कपिली शेळी...”

दिवस कलला. जसं आलं तसं पाणी मागं गेलं, एकेक दगड उघडा करत. साडेतीनच्या सुमारास सखूबाई स्वतः खडकांवरून चालत आली, आनंदरावांचा हात धरला आणि कुठल्या दगडावर पाय द्यायचा ते सांगत त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं. ते अनवाणी होते, धोतर फाटलेलं, डोळ्यांवर चष्मा नाही. वरच्या पायरीवर मामांची काठी अजून आडवी पडली होती आणि मामा, चंद्राबाई, कमळाबाई माथ्यावरून तिथं येऊन थांबले होते. त्यांनी वाकून ती उचलली, मामांच्या हातात दिली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मामा, चुकलो! वाट विचारायला मला लाज वाटली. जीव गमावताना वाटली नाही!”

मामांनी भाच्याला उठवलं. “आरं, त्या बाईच्या पाया पड. म्या नुसता बडबड करत हुतो.”

आनंदराव सखूबाईकडे वळले. पाया पडायला गेले तर ती दोन पावलं मागं सरली. मग त्यांनी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका अनोळखी माणसाला विचारलं, “बाई, आईला अंघोळ घालायची आहे. कधी आणि कुठं घालू?”

“आता चला,” ती हसून म्हणाली. “पाणी बेतात आलंय. तासाभरात अजून निवळेल. त्या खडकाच्या अलीकडे चांगलं आहे.”

“पण पर्वकाळ टळला आई.”

“मेल्या, तू हितं हाईस,” चंद्राबाई म्हणाल्या. “आनिक कुठली पर्वनी पायजे मला?”

संध्याकाळच्या उन्हात, गुडघाभर पाण्यात, सखूबाईच्या हाताला धरून चंद्राबाई बसल्या. लाट अंगावरून गेली आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या. मग त्यांनी कनवटीचा शिंपला काढला. पाण्यात सोडण्याआधी तो भावाच्या तळहातावर ठेवला. “दादा, तू सोड. समिंदर दावलास मला. आता माजा आबावर राग न्हाई ऱ्हायला.” म्हादूमामांनी तो मुठीत धरला, कपाळाला लावला आणि ओसरत्या लाटेत सोडला.

भोरला परतल्यावर आठ दिवसांत कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली एक सपाट धोंडा आला. आनंदरावांनी तो नीरेच्या पात्रातून बैलगाडीनं आणवला. लोकांना वाटलं साहेबांनी सांगितलं असेल. तसं नव्हतं. डोंगरातून कुणी आलं, की आनंदराव टेबल सोडून बाहेर येत, त्याला धोंड्यावर बसवत, स्वतः शेजारी टेकत आणि विचारत, “बसा. वाटेची काय खबर?” पहिल्या दिवशी पारूबाई नावाची मेंढरं राखणारी म्हातारी आली होती. ती इतकी घाबरली, की कागद टाकून पळायला निघाली होती! पुढं सवय झाली. कागद कुठं द्यायचा ते लोक विचारीत, आणि घाटात दरड कुठं आलीय, ओढ्याला पाणी किती, हे आनंदराव त्यांना विचारीत. बोर्ड होता तसाच राहिला, तो वाचायला कुणाला वेळ उरला नाही.

दर कार्तिकात आनंदराव चार घरची माणसं घेऊन समुद्रावर जात. निघण्याआधी महिनाभर सखूबाईच्या गावी पत्र जाई, तिथला कुणी शिकलेला ते तिला वाचून दाखवी आणि ती सांगेल ते उत्तर लिही. पाणी कधी, वारं कसं, वाट कुठली. उत्तर आल्याशिवाय यष्टीची तिकिटं निघत नसत. एकदा ‘येऊ नका’ असं उत्तर आलं. त्या साली ते गेले नाहीत.

म्हादूमामा त्यानंतर पाच वर्षं जगले. भोरला आले की त्याच धोंड्यावर बसत आणि दाखला घेऊन भाचा स्वतः बाहेर येई.

बंधुभगिनींनो, आपण परमुलुखाला निघतो तेव्हा कपडे घेतो, शिदोरी घेतो, पंचांगातली वेळही घेतो. एक गोष्ट तेवढी घरी राहते, ती म्हणजे विचारायची जीभ. पाणी ज्याच्या दारचं, त्याला पाण्याची वेळ ठाऊक. मग तो लंगोटीतला असो की टोपली घेतलेला, त्याच्यापुढं आपली पदवी आणि हुद्दा टेकवून विचारावं. विचारल्यानं कुणी लहान होत नाही. न विचारल्यानं मात्र घरंच्या घरं रिकामी झाली आहेत. आणि जो दुसऱ्याला विचारायला शिकला, त्यानं आपल्या दारी विचारायला आलेल्याला उभं ठेवू नये.

एकोणीसशे सहासष्ट साली आनंदराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी मानसिंग नावाचा तरुण कारकून आला, अक्षर मोत्यासारखं, पॅन्टीला इस्त्री. पहिल्याच दिवशी, काम समजावून द्यायला आलेल्या आनंदरावांबरोबर आवारात फेरी मारून तो म्हणाला, “या धोंड्याची अडचण होते. सायकली ठेवायला जागा होईल, उद्या काढून टाकतो.” मग काय वाटलं कोण जाणे, तो थांबला आणि म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, “पण हा इथं ठेवला कशाला होता?”

आनंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी उपरण्यानं धोंडा झटकला आणि अर्धी जागा मोकळी ठेवून टेकले.

“विचारलंत, बरं केलंत,” ते म्हणाले. “बसा. सांगतो.”